‘कॅप्टन’ ह्या शब्दाचे दोन अर्थ आणि ब्रिटिश आरमारातील बढतीची रीत

१

२१ ऑक्टोबर १८०५ रोजी स्पेनच्या किनाऱ्याजवळ ट्रफाल्गर येथे ब्रिटिश आरमाराने फ्रान्स व स्पेन यांच्या संयुक्त आरमाराचा पराभव केला. त्या दिवशी ब्रिटिश जहाजे दोन रांगा करून शत्रूवर चालून गेली. एका रांगेच्या अग्रभागी ‘व्हिक्टरी’ जहाजावर होरेशिओ नेल्सन होता. दुसऱ्या रांगेच्या अग्रभागी ‘रॉयल सॉव्हरिन’वर कथबर्ट कॉलिंगवुड होता. नेल्सनचे वय ४७ वर्षांचे, तर कॉलिंगवुडचे ५७ वर्षांचे. कॉलिंगवुड आरमारात दाखल झाला तो १७६१ मध्ये, नेल्सन १७७१ मध्ये. लेफ्टनंटची सनद कॉलिंगवुडला १७७५ मध्ये मिळाली, नेल्सनला १७७७ मध्ये. वय, नोकरीचा काळ आणि पहिली सनद ह्या तिन्ही बाबतींत जो ज्येष्ठ, तोच त्या दिवशी कनिष्ठ होता आणि आपल्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्या मित्राच्या हुकमतीखाली लढत होता.

नेल्सनच्या असामान्य युद्धकौशल्यामुळे हे घडले असावे, असे सहजच वाटते. परंतु बढतीच्या नोंदी ह्या समजुतीला आधार देत नाहीत. नेल्सन कॉलिंगवुडच्या पुढे गेला त्या वेळी त्याच्या नावावर एकही मोठी लढाई नव्हती. खरे कारण दोन तारखांत आहे : ११ जून १७७९ आणि २२ मार्च १७८०. पहिल्या तारखेस नेल्सन, आणि दुसऱ्या तारखेस कॉलिंगवुड, ‘कॅप्टन’ झाला. त्यापूर्वी दोघांनीही जहाजे चालविली होती आणि जहाजावरील माणसे दोघांनाही ‘कॅप्टन’ म्हणूनच हाक मारीत होती. तरीही त्या तारखांपूर्वी ते कॅप्टन नव्हते. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ ज्याने वेगळे ओळखले, त्याला अठराव्या शतकातील ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याच्या सबंध आयुष्यक्रमाची किल्ली सापडली असे म्हणता येईल.

२

प्रथम दर्जांच्या नावांकडे पाहू. ही नावे एका ठिकाणची नाहीत, आणि त्यांतील बहुतेकांचा मूळ अर्थ दर्जाचा नसून स्थानाचा किंवा कामाचा आहे.

‘मिडशिपमन’ म्हणजे जहाजाच्या मध्यभागी ज्याची जागा आहे तो. ‘लेफ्टनंट’ हा फ्रेंच शब्द. ‘ल्यू’ म्हणजे स्थान आणि ‘तनां’ म्हणजे धारण करणारा. दुसऱ्याच्या जागी उभा राहून त्याचे काम पाहणारा, असा त्याचा अर्थ. मराठेशाहीच्या कारभारात ‘मुतालिक’ ह्या शब्दाने जो भाव व्यक्त होई, त्याच्याशी तो पुष्कळसा जुळतो. ‘कॅप्टन’ हा शब्द लॅटिनमधील ‘कापुट’ म्हणजे मस्तक ह्यापासून आला. मराठीतील ‘कप्तान’ हे त्याचेच पोर्तुगीजांमार्फत आलेले भावंड होय. फारसीतून आलेल्या ‘सरदार’ आणि ‘सरखेल’ ह्या शब्दांतील ‘सर’ म्हणजेही मस्तकच; प्रमुखाला डोक्याची उपमा देण्याची प्रवृत्ती दोन्हीकडे सारखीच दिसते. ‘अ‍ॅडमिरल’ ह्या शब्दाचा प्रवास तर अधिक दूरचा आहे. अरबीतील ‘अमीर’ म्हणजे हुकूम करणारा, हा शब्द भूमध्य समुद्राच्या परिसरातून युरोपीय भाषांत शिरला. त्याच्या शेवटी अरबीतील ‘अल्’ हा उपपदाचा अंश चिकटून राहिला आणि लॅटिनमधील एका सदृश शब्दाच्या प्रभावाने मध्ये ‘ड’ आला. मराठीतील ‘अमीरउमराव’ ह्या जोडशब्दातला अमीर आणि इंग्रजांचा अ‍ॅडमिरल हे अशा रीतीने एकाच कुळातले आहेत.

ह्या नावांखाली एक महत्त्वाची विभागणी होती. जहाजावरील काही अधिकारी ‘कमिशन’वर, म्हणजे आरमार खात्याच्या सर्वोच्च मंडळाने राजाच्या नावाने दिलेल्या सनदेवर नेमले जात. लेफ्टनंट आणि त्यावरील सर्व अधिकारी ह्या वर्गातले. इतर काही अधिकारी ‘वॉरंट’वर, म्हणजे एका दुय्यम मंडळाच्या परवान्यावर नेमले जात. जहाजाचा मार्ग ठरविणारा ‘मास्टर’ हा ह्या दुसऱ्या वर्गातला. मास्टरचे ज्ञान लेफ्टनंटपेक्षा अधिक असू शके, त्याचा पगारही कमी नसे. परंतु त्याची वाट पुढे जात नसे. जहाज चालविणारा आणि जहाजावर हुकूम करणारा हे दोन वेगळे, ही मध्ययुगीन कल्पना ह्या विभागणीत टिकून राहिली होती. पूर्वी युद्धाच्या वेळी व्यापारी जहाज घेऊन त्यावर सैनिक चढवीत. जहाज मास्टरचे असे आणि सैनिक कॅप्टनचे.

३

कॅप्टनपदापर्यंतची पहिली पायरी म्हणजे मिडशिपमन. एखाद्या कॅप्टनच्या ओळखीने, बारा-तेरा वर्षांचा मुलगा जहाजावर येई. नेल्सन हा नॉरफोक परगण्यातील बर्नहॅम थॉर्प ह्या खेड्यातील धर्मोपदेशकाचा मुलगा. त्याचा मामा मॉरिस सकलिंग हा आरमारात कॅप्टन होता. १७७१ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, नेल्सन मामाच्या ‘रेझोनेबल’ जहाजावर दाखल झाला. मुलाची निवड कॅप्टनने करावयाची, आरमार खात्याने नव्हे, अशी त्या काळची रीत होती. अर्थात पहिल्या पायरीवर नात्यागोत्याला आणि वशिल्याला पूर्ण वाव होता.

दुसऱ्या पायरीवर मात्र एक दरवाजा होता. १६७७ मध्ये, सॅम्युएल पीप्स हा आरमार खात्याचा चिटणीस असताना त्याच्या पुढाकाराने, लेफ्टनंट होण्यासाठी परीक्षा सुरू झाली. उमेदवाराने सहा वर्षे समुद्रावर काढलेली असावीत, वय वीस वर्षांचे असावे, आपल्या रोजनिशा आणि कॅप्टनांची प्रमाणपत्रे सादर करावीत, आणि अनुभवी कॅप्टनांसमोर नौकानयनाच्या प्रश्नांची तोंडी उत्तरे द्यावीत, असा अठराव्या शतकात नियम होता. ह्या परीक्षेचे महत्त्व जाणण्यासाठी शेजारच्या लष्कराकडे पाहावे. ब्रिटिश पायदळात व घोडदळात सनदा पैसे देऊन विकत घेता येत आणि ही प्रथा १८७१ पर्यंत चालू होती. आरमारात सनद विकत मिळत नसे. तोफांच्या माऱ्यात किंवा वादळात जहाज हाती असलेल्या अज्ञ माणसामुळे सर्वांनाच जलसमाधी मिळेल, हे समुद्र शिकवीत असे.

नेल्सनच्या उमेदवारीची सहा वर्षे अनेक सागरांवर गेली. त्याने एका व्यापारी जहाजावरून वेस्ट इंडीजची सफर केली. १७७३ मध्ये उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या मोहिमेत ‘कारकस’ जहाजावर काम केले. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ‘सीहॉर्स’ ह्या जहाजावरून तो हिंदी महासागराकडे निघाला. १७७५ च्या फेब्रुवारीत हैदर अलीच्या दोन गलबतांशी सीहॉर्सची चकमक उडाली. पुढे इंग्रज व मराठे यांच्यात पहिले युद्ध सुरू झाले, तेव्हा कंपनीच्या जहाजांना संरक्षण देण्याचे काम ह्या भागातील ब्रिटिश जहाजांकडे होते. पश्चिम किनाऱ्यावर आंग्रे व धुळप यांचे नाव ज्या समुद्रावर गाजले, त्याच समुद्राच्या परिसरात हा सतरा वर्षांचा मुलगा उमेदवारी करीत होता. १७७६ च्या आरंभी त्याला हिवतापाने ग्रासले आणि मार्च महिन्यात त्याला ‘डॉल्फिन’ जहाजावरून परत पाठविण्यात आले.

तो घरी परतला तेव्हा परिस्थिती त्याला अनुकूल झाली होती. मामा सकलिंग १७७५ मध्ये आरमारी मंडळाचा ‘कंट्रोलर’, म्हणजे प्रमुख, झाला होता. ९ एप्रिल १७७७ रोजी नेल्सनची परीक्षा झाली, आणि परीक्षक मंडळावर स्वतः सकलिंगच होता. नेल्सनचे खरे वय त्या दिवशी साडेअठरा वर्षांचे होते. प्रमाणपत्रात मात्र तो वीस वर्षांहून अधिक वयाचा दिसतो असे लिहिले गेले. दुसऱ्याच दिवशी त्याला लेफ्टनंटची सनद आणि ‘लोवेस्टॉफ्ट’ जहाजावर नेमणूक मिळाली. नियम मोडला गेला हे उघड आहे. परंतु मोडला गेला तो वयाचा. समुद्रावरील सहा वर्षे खरीच होती. वशिल्याने दरवाजा थोडा लवकर उघडला, पण ज्ञानाची अट चुकली नाही.

४

लेफ्टनंट झालेला अधिकारी आयुष्यभर लेफ्टनंटच राहण्याची शक्यता फार मोठी होती, आणि येथेच ‘कॅप्टन’ शब्दाचे दोन अर्थ पुढे येतात.

ब्रिटिश आरमारातील युद्धजहाजांचे तोफांच्या संख्येनुसार सहा वर्ग केलेले होते. सहाव्या वर्गातील जहाजांवर साधारणपणे वीस ते अठ्ठावीस तोफा असत. ह्या सहा वर्गांतील जहाजांचा अधिपती हाच खऱ्या अर्थाने कॅप्टन. त्याला ‘पोस्ट कॅप्टन’ म्हणत आणि त्याला ‘पोस्ट मिळाली’ अशी बोलण्याची रीत होती. सहाव्या वर्गाहून लहान असलेल्या जहाजांनाही अधिपती लागेच. त्या अधिपतीला ‘मास्टर अँड कमांडर’ असे लांबलचक नाव होते, कारण लहान जहाजावर स्वतंत्र मास्टर नसे आणि दोन्ही कामे त्यालाच करावी लागत. १७९४ मध्ये हे नाव छाटून ‘कमांडर’ एवढेच ठेवण्यात आले. त्याहूनही लहान नौकांवर लेफ्टनंटच अधिपती असे. ह्या तिघांनाही आपापल्या जहाजावर ‘कॅप्टन’ म्हणत. म्हणजे बोलीत ‘कॅप्टन’ हे नेमणुकीचे नाव होते : ज्याच्या हाती जहाज, तो कॅप्टन. आरमार खात्याच्या दप्तरात मात्र ‘कॅप्टन’ हे दर्जाचे नाव होते : ज्याला पोस्ट मिळाली, तोच कॅप्टन, मग त्याच्या हाती जहाज असो वा नसो.

ह्या दोन अर्थांमधील अंतर किती मोठे होते, हे जेम्स कुकच्या आयुष्यावरून दिसते. यॉर्कशायरमधील एका शेतमजुराचा हा मुलगा कोळसा वाहणाऱ्या जहाजांवर काम शिकला आणि १७५५ मध्ये, सव्वीस वर्षांचा असताना, साधा खलाशी म्हणून आरमारात शिरला. दोन वर्षांत तो मास्टर झाला. सेंट लॉरेन्स नदी व न्यूफाउंडलंडचा किनारा यांची त्याने केलेली मोजणी इतकी अचूक होती की त्याच्या नावाचा सर्वत्र बोलबाला झाला. परंतु मास्टरची वाट तेथेच संपत होती. १७६८ मध्ये पॅसिफिक महासागरावरील मोहिमेसाठी ‘एन्डेव्हर’ जहाज त्याच्या स्वाधीन करण्याचे ठरले, तेव्हा त्याला प्रथम लेफ्टनंटची सनद द्यावी लागली. जग ज्याला ‘कॅप्टन कुक’ म्हणून ओळखते, तो न्यूझीलंडचा आणि ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याचा नकाशा काढीत असताना दप्तरी केवळ लेफ्टनंट होता. १७७१ मध्ये तो कमांडर झाला आणि १७७५ च्या ऑगस्टमध्ये, दुसरी पृथ्वीप्रदक्षिणा संपवून आल्यावर, वयाच्या ४६ व्या वर्षी त्याला पोस्ट मिळाली. १४ फेब्रुवारी १७७९ रोजी हवाई बेटावर त्याचा अंत झाला. खऱ्या अर्थाचे कॅप्टनपद त्याच्या वाट्यास साडेतीन वर्षे आले.

त्याच वर्षाच्या जून महिन्यात नेल्सनला पोस्ट मिळाली, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. लेफ्टनंटपासून कॅप्टनपर्यंतच्या पायऱ्यांवर ज्येष्ठतेचा नियम नव्हता, ही ह्या रचनेतील मुख्य गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. शंभर ज्येष्ठ लेफ्टनंटांना ओलांडून एखाद्याला कमांडर करता येई. त्यासाठी तीन गोष्टी उपयोगी पडत : लढाईतील पराक्रम, वजनदार माणसाचा आश्रय, आणि दूरच्या आरमारी तळावर मृत्यूमुळे रिकाम्या होणाऱ्या जागा. अशा जागा तेथल्या तेथे भरण्याचा अधिकार त्या तळाच्या मुख्य अ‍ॅडमिरलला असे. जमैकाचा तळ ह्या दृष्टीने प्रसिद्ध होता, कारण तेथे पीतज्वराने अधिकारी पटापट मरत. त्या तळाचा प्रमुख सर पीटर पार्कर याने नेल्सनला आपल्या जहाजावर घेतले. नेल्सनची लोवेस्टॉफ्टवरील जागा कॉलिंगवुडला मिळाली. ८ डिसेंबर १७७८ रोजी नेल्सन ‘बॅजर’ ह्या लहान जहाजाचा कमांडर झाला. पुढील वर्षी तो ‘हिंचिनब्रुक’ ह्या २८ तोफांच्या जहाजावर गेला तेव्हा बॅजर कॉलिंगवुडला मिळाले. आणि नेल्सनने हिंचिनब्रुक सोडले तेव्हा तेही कॉलिंगवुडलाच मिळाले. नेल्सनने रिकाम्या केलेल्या जागांवर, एकामागून एक, त्याचा दहा वर्षांनी मोठा मित्र पाऊल टाकीत गेला. हिंचिनब्रुक हे सहाव्या वर्गातले जहाज असल्यामुळे त्यावरील नेमणुकीबरोबर दोघांनाही पोस्ट मिळाली. अंतर राहिले ते नऊ महिन्यांचे.

५

पोस्ट मिळताच अधिकाऱ्याचे नाव कॅप्टनांच्या यादीत शेवटी लिहिले जाई, आणि त्या क्षणापासून बढतीचा नियम संपूर्ण बदलत असे. येथून पुढे पराक्रम, विद्वत्ता, वशिला, राजाची मर्जी, ह्यांपैकी कशानेही नाव वर सरकत नसे. वरचा माणूस मेला, निवृत्त झाला, किंवा अ‍ॅडमिरल झाला, तरच खालचा वर जाई. वैद्यकीय भाषेत बोलायचे तर पुढील बढतीची अट एकच होती : जिवंत राहणे.

अ‍ॅडमिरलांचीही एक शिडी होती आणि तिच्या पायऱ्यांना रंग होते. जुन्या काळी संपूर्ण आरमाराचे तांबडे, पांढरे व निळे अशा निशाणांचे तीन विभाग असत, आणि प्रत्येक विभागात मध्यभागी अ‍ॅडमिरल, आघाडीस व्हाइस अ‍ॅडमिरल आणि पिछाडीस रिअर अ‍ॅडमिरल असे. विभागांची ही प्रत्यक्ष रचना पुढे मोडली. नावे मात्र दर्जा म्हणून उरली. निळ्या निशाणाचा रिअर अ‍ॅडमिरल ही सर्वांत खालची पायरी. तेथून पांढऱ्या आणि तांबड्या निशाणाचा रिअर अ‍ॅडमिरल, मग पुन्हा निळ्यापासून व्हाइस अ‍ॅडमिरल, असे वर जावे लागे. ज्याचा पदार्थ नाहीसा झाला आहे असा शब्द नवा अर्थ घेऊन कसा जगतो, याचे हे रंग उत्तम उदाहरण होत. १८६४ मध्ये ते रद्द झाले.

१४ फेब्रुवारी १७९७ रोजी सेंट व्हिन्सेंट भूशिराजवळच्या लढाईत नेल्सनने स्पेनची दोन जहाजे सर केली. सहाच दिवसांनी, २० फेब्रुवारीस, तो निळ्या निशाणाचा रिअर अ‍ॅडमिरल झाला. हा त्या पराक्रमाचा गौरव असावा असे वाटेल. परंतु लढाईची वार्ता लंडनला पोहोचण्यापूर्वीच ही बढती झाली होती. कॅप्टनांच्या यादीत त्याच्यापर्यंत पाळी आली होती, एवढेच तिचे कारण. पराक्रमाबद्दल त्याला मिळाले ते सरदारकीचे मानचिन्ह. नाईल नदीच्या मुखाशी १ ऑगस्ट १७९८ रोजी मिळविलेल्या विजयाबद्दल तो बॅरन झाला. आरमारातील त्याची पायरी मात्र त्यामुळे बदलली नाही. कीर्तीचा हिशेब राजदरबारात होई, ज्येष्ठतेचा हिशेब पंचांगावर.

त्यानंतरच्या सार्वत्रिक बढत्यांच्या तारखा पाहिल्या म्हणजे नऊ महिन्यांचे ते जुने अंतर कसे गोठून राहिले हे कळते. १४ फेब्रुवारी १७९९ रोजी नेल्सन तांबड्या निशाणाचा आणि कॉलिंगवुड पांढऱ्या निशाणाचा रिअर अ‍ॅडमिरल झाला. १ जानेवारी १८०१ रोजी नेल्सन निळ्या निशाणाचा व्हाइस अ‍ॅडमिरल झाला. कॉलिंगवुड तांबड्या निशाणाचा रिअर अ‍ॅडमिरल. २३ एप्रिल १८०४ रोजी नेल्सन पांढऱ्या निशाणाचा व्हाइस अ‍ॅडमिरल झाला. कॉलिंगवुड निळ्या निशाणाचा. दर वेळी दिवस तोच आणि अंतर एका पायरीचे. ट्रफाल्गर येथे नेल्सन मरण पावला तेव्हा तो पांढऱ्या निशाणाचा व्हाइस अ‍ॅडमिरलच होता. इंग्लंडचा सर्वांत प्रख्यात दर्यावर्दी पूर्ण अ‍ॅडमिरल कधीच झाला नाही; यादीला तितकी घाई नव्हती.

६

अशी आंधळी व्यवस्था एका विजयी आरमाराने इतका काळ का चालविली, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. ह्याचे उत्तर दर्जा आणि नेमणूक यांच्या भेदातच सापडते. दर्जा यादीने मिळे. जहाज मात्र आरमार खाते आपल्या निवडीने देई. अयोग्य कॅप्टन यादीत वर चढे, पण त्याला जहाज मिळत नसे. तो घरी बसून अर्धे वेतन घेई. पाळी आली म्हणून त्याला अ‍ॅडमिरल करणे भाग पडलेच, तर १७४७ पासून त्यासाठीही सोय होती : कोणत्याही रंगाच्या विभागात न घालता नुसते नाव देऊन त्याला निवृत्त करीत. खलाशांनी अशा अधिकाऱ्यांना ‘पिवळ्या निशाणाचे अ‍ॅडमिरल’ असे थट्टेचे नाव दिले होते. पिवळे निशाण आरमारात नव्हतेच. ह्यामुळे मंत्र्यांना आपले आवडते कॅप्टन इतरांच्या डोक्यावर बसविता येत नसत. दोन जहाजे भर समुद्रात भेटली तर हुकूम कोणी द्यावयाचा, हा वाद यादी उघडताच मिटे. नेल्सन पडला त्या घटकेस सेनापतित्व कॉलिंगवुडकडे गेले, त्याबद्दल कोणाच्याही मनात शंका उत्पन्न झाली नाही.

परंतु ह्या व्यवस्थेची किंमत माणसांना मोजावी लागे. नेल्सनसारख्यालाही १७८७ च्या अखेरीपासून १७९३ च्या जानेवारीपर्यंत, म्हणजे पाच वर्षे, जहाजाविना बर्नहॅम थॉर्प येथे बसून राहावे लागले. तो खात्याकडे अर्ज करीत राहिला. फ्रान्सशी युद्ध जवळ आले तेव्हाच त्याला ‘अ‍ॅगमेम्नॉन’ हे जहाज मिळाले. १८१५ मध्ये नेपोलियनशी चाललेली युद्धे संपली, तेव्हा तर हजारो अधिकाऱ्यांवर हीच पाळी आली. युद्धाच्या ऐन भरात पार्लमेंटने सुमारे १,४५,००० माणसांना मंजुरी दिली होती. १८१७ मध्ये ही संख्या १९,००० वर आली. खलाशांना निरोप देता आला, पण सनदी अधिकाऱ्यांची नावे यादीतून काढता येत नव्हती. तिशीत पोस्ट मिळालेले कॅप्टन केस पिकेपर्यंत वाट पाहत राहिले आणि त्यांच्याखालचे लेफ्टनंट लेफ्टनंट म्हणूनच म्हातारे झाले. ज्या नियमाने पक्षपाताला आळा घातला, त्यानेच गुणांची वाटही अडविली.

प्रोव्हो वॉलिस ह्याचे उदाहरण ह्या व्यवस्थेची परिसीमा दाखविते. १७९१ मध्ये जन्मलेल्या ह्या मुलाचे नाव त्याच्या वडिलांनी तो चार वर्षांचा असताना एका जहाजाच्या पटावर खलाशी म्हणून लावून घेतले होते. १ जून १८१३ रोजी ‘शॅनन’ जहाजाने अमेरिकेचे ‘चेसापीक’ जहाज पकडले. कॅप्टन जबर जखमी झाल्यामुळे लेफ्टनंट वॉलिसने काही दिवस शॅनन चालविले आणि त्याबद्दल तो कमांडर झाला. १८१९ मध्ये त्याला पोस्ट मिळाली. पुढील पायरी, रिअर अ‍ॅडमिरलची, चढण्यास त्याला ३२ वर्षे लागली. १८७७ मध्ये, ८६ वर्षांचा असताना, तो ‘अ‍ॅडमिरल ऑफ द फ्लीट’ ह्या सर्वोच्च दर्जास पोहोचला. १८७० च्या निवृत्तिनियमात फ्रेंच युद्धांच्या काळात जहाज चालविलेल्यांसाठी एक सवलत होती; शॅननवरील त्या थोड्या दिवसांच्या आधारावर वॉलिसचे नाव १८९२ मध्ये शंभराव्या वर्षी मृत्यू येईपर्यंत कार्यरत अधिकाऱ्यांच्या यादीतच राहिले. सत्तेचाळिसाव्या वर्षी मेलेला नेल्सन आणि शंभराव्या वर्षी मेलेला वॉलिस यांची पायरी यादीने ठरविली. तिच्या दृष्टीने नेल्सनचा दोष एवढाच की तो लवकर मेला.

७

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वयोमर्यादा आणि सक्तीची निवृत्ती यांनी ही कोंडी हळूहळू फोडली. त्याबरोबर शब्दही बदलले. १८६१ मध्ये ‘सब-लेफ्टनंट’ हा दर्जा आला. १८६७ मध्ये मास्टर हे ‘नॅव्हिगेटिंग लेफ्टनंट’ झाले आणि कुकला अडविणारी भिंत पडू लागली. १९१४ मध्ये दीर्घकाळ लेफ्टनंट असलेल्यांसाठी ‘लेफ्टनंट कमांडर’ हे नाव रूढ झाले. ‘कॅप्टन’ शब्दाचा दुहेरीपणा मात्र गेला नाही. आजही जहाजाच्या अधिपतीला, त्याचा दर्जा कमांडरचा असला तरी, जहाजावर कॅप्टनच म्हणतात.

हा विषय मराठी वाचकाला सर्वस्वी परका नाही. भारतीय नौदलाने दर्जांची ही नावे ब्रिटिश आरमाराकडूनच घेतली. ४ डिसेंबर २०२३ रोजी सिंधुदुर्ग येथे साजऱ्या झालेल्या नौदल दिनी ही नावे भारतीय परंपरेस अनुसरून बदलण्याची घोषणा झाली आणि अ‍ॅडमिरलांच्या खांद्यावरील चिन्हांना शिवछत्रपतींच्या राजमुद्रेच्या अष्टकोनाची प्रेरणा देण्यात आली. मराठीपाशी आरमारी शब्दांची संपत्ती आहे : सरखेल, दर्यासारंग, सुभेदार, सारंग, तांडेल, नाखवा. परंतु हे शब्द वेगळ्या व्यवस्थेत जन्मलेले आहेत. ‘सरखेल’ हे कान्होजी आंग्रे यांना मिळालेले पद त्यांच्यानंतर त्यांच्या पुत्रांकडे गेले. त्यात घराण्याचा हक्क अभिप्रेत होता, यादीतील क्रमांक नव्हे. ‘तांडेल’ व ‘सारंग’ ही कामाची नावे आहेत. हातचे काम सुटले की नावही सुटते.

म्हणून अशा प्रत्येक शब्दाविषयी प्रथम विचारावयाचा प्रश्न हा की, तो माणसाच्या हातातील काम सांगतो, की काम नसतानाही त्याच्यापाशी राहणारी पायरी सांगतो. ब्रिटिश आरमाराने हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात कोंबले आणि त्यांतील भेद यादीच्या आधाराने सांभाळला. यादीची जरब होती तोवर शब्दाची संदिग्धता कोणालाही बाधली नाही. नवे शब्द योजताना अशी यादी पाठीशी असेलच असे नाही. तेव्हा तो भेद शब्दालाच सांभाळावा लागेल. ट्रफाल्गरच्या सकाळी दोन मित्रांपैकी हुकूम कोणी द्यावयाचा, हे ठरविणारा शब्द सव्वीस वर्षांपूर्वी जमैकाच्या तळावर एका सनदेत लिहिला गेला होता.